बाबांचा ॲम्प्लिफायर आणि एक बटण

परवा एका जुन्या मित्राकडे गाणं ऐकायला गेलो होतो. त्याने नवा ॲम्प्लिफायर घेतलाय. चांगला वीसेक किलोचा, दोन माणसांनी उचलावा असा. किशोरीताईंचा भूप ऐकला, पिठलं-भात खाल्ला, पुन्हा थोडं ऐकलं. रात्री अकराला निघालो, चपला घालता घालता सहज म्हटलं, "अरे, तो बंद करायचा राहिला."

"बंद करायचा नसतोच," मित्र म्हणाला. "कायम चालू ठेवला की आवाज खुलतो. आणि सारखं चालू-बंद केलं तर मशीन लवकर जातं."

त्याच्या बायकोने माझ्याकडे असं काही पाहिलं की या विषयावर त्या घरात आधीच बरंच बोलून झालं असावं. मी गप्प बसलो. कारण हीच दोन वाक्यं मी स्वतः तीन वर्षं लोकांना ऐकवत होतो, आणि त्यापायी बाबांचा ॲम्प्लिफायर घालवून बसलो होतो. तिथे दारात उभं राहून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती, म्हणून इथे लिहितोय.

बाबांनी तो ॲम्प्लिफायर १९८४ साली घेतला. देशी बनावटीचा, साधा, लाकडी बाजूंचा. त्या वर्षी घरात दुसरी कुठली मोठी खरेदी झाली नाही हे आई अजून सांगते. बाबांची तो लावायची एक ठरलेली पद्धत होती. रविवारी सकाळी अंघोळीला जाण्याआधी भिंतीवरचं बटण, मग ॲम्प्लिफायरचं बटण. आवाज शून्यावर. अंघोळ, पूजा, चहा होईपर्यंत तो नुसताच चालू. मग खुर्ची ओढून बसायचे आणि कॅसेट लावायचे. ऐकून झालं की आवाज पुन्हा शून्यावर, ॲम्प्लिफायर बंद, भिंतीवरचं बटण बंद, प्लग काढून वायर गुंडाळलेली, आणि वर आईने विणलेलं क्रोशाचं कव्हर. इतर दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर हेच सगळं. आम्ही भावंडं त्या कव्हरावरून त्यांची चेष्टा करायचो. "बाबा, त्याला झोपवलंत का?" असं विचारायचो.

ही 'तापू द्यायची' सवय त्यांना व्हॉल्वच्या रेडिओपासून लागलेली. त्या रेडिओचं बटण फिरवलं की आधी दिवा लागायचा, मग बऱ्याच वेळाने कुठूनतरी लांबून आल्यासारखा आवाज वर यायचा. व्हॉल्वच्या आतली तार लाल होऊन तिच्या भोवतीचं नळकांडं तापल्याशिवाय त्यातून इलेक्ट्रॉन निघतच नाहीत, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला गीतरामायण लागायचं, तेव्हा आमच्या आजीच्या वाड्यात रेडिओ पाच मिनिटं आधीच लावून ठेवत. सुरुवात चुकायला नको म्हणून.

बाबा २०१५ मध्ये गेले. ॲम्प्लिफायर माझ्याकडे आला. भावाने घड्याळ घेतलं, बहिणीने पुस्तकं. मला दुसरं काही नको होतं.

त्याच सुमारास मी ऑडिओची आवड असणाऱ्या काही मंडळींमध्ये जायला लागलो. चांगली माणसं होती, अजूनही संपर्कात आहेत. त्यांच्यात 'कायम चालू' हा जवळजवळ धर्मच होता. आणि त्यांचे मुद्दे अगदीच पोकळ होते असं मी आजही म्हणणार नाही. एक म्हणजे बटण दाबताक्षणी रिकाम्या कपॅसिटरमध्ये करंटचा लोंढा घुसतो, त्याचा ताण स्विचवर आणि फ्यूजवर येतो. दुसरं म्हणजे गरम-थंड, गरम-थंड होताना धातू प्रसरण पावतो, आकुंचन पावतो, आणि वर्षानुवर्षांनी सोल्डरच्या जोडांना बारीक तडे जातात. तिसरं म्हणजे थंड ॲम्प्लिफायर आणि तापलेला ॲम्प्लिफायर यांत खरंच फरक असतो. ट्रान्झिस्टरमधून विश्रांतीच्या वेळी जो थोडासा करंट वाहत असतो तो तापमानाबरोबर बदलतो, आणि मागचे पंखे (म्हणजे हीटसिंकचे ते ॲल्युमिनियमचे पत्रे) एका ठरावीक तापमानाला आले की मगच तो स्थिरावतो.

शिवाय इतिहासाचा दाखला होताच. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कसाठी टॉमी फ्लॉवर्स या ब्रिटिश पोस्ट खात्याच्या इंजिनियरने 'कोलोसस' नावाचं यंत्र बांधलं. पहिल्या यंत्रात दीड हजारांहून जास्त व्हॉल्व होते. इतके व्हॉल्व एकत्र चालणारच नाहीत, रोज कुठलातरी जाईल, असं वरिष्ठांचं म्हणणं. फ्लॉवर्सना पोस्ट खात्यातल्या अनुभवावरून माहीत होतं की व्हॉल्व बहुधा चालू-बंद करतानाच जातात. चालूच ठेवा, टिकतील, असं ते म्हणाले, आणि १९४४ मध्ये ते खरं करून दाखवलं. अमेरिकेतल्या एनियाकमध्ये अठरा हजारांच्या आसपास व्हॉल्व होते, तिथेही हाच अनुभव आला.

झालं! युद्ध जिंकून देणारं यंत्र चालू ठेवत होते, तर आपण कोण? मी बाबांचा ॲम्प्लिफायर २०१६ च्या पाडव्याला चालू केला आणि तसाच ठेवला. भिंतीतल्या काचेच्या शोकेसमध्ये. वीज जायची तेवढीच त्याला सुट्टी. क्रोशाचं कव्हर घडी करून कपाटात गेलं. खरं सांगायचं तर मला त्यात एक समाधानही वाटायचं. रात्री पाणी प्यायला उठलो की त्याचा छोटा लाल दिवा दिसायचा. बाबांची वस्तू जागी आहे असं वाटायचं.

तीन वर्षांनी, २०१९ च्या उन्हाळ्यात, स्पीकरमधून 'घुंऽऽ' असा बारीक आवाज यायला लागला. आधी वाटलं वायर सैल झाली. मग तो वाढला. तंबोऱ्याचा षड्ज लागायच्या आधीच यांचा षड्ज लागलेला. शेवटी ॲम्प्लिफायर चादरीत गुंडाळून बुधवार पेठेत घेऊन गेलो. तिथल्या एका गल्लीत एक काका अजून असली कामं करतात. त्यांनी वरचं झाकण काढलं, आत बोट दाखवलं आणि म्हणाले, "बघा साहेब, डोकी फुगलीत."

दोन्ही मोठ्या कपॅसिटरची डोकी खरोखरच भाकरीसारखी फुगली होती.

"रोज किती तास लावता?"

"बंदच करत नाही, काका."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "का?"

मी कोलोससबद्दल सांगायला लागलो नाही, एवढं मात्र बरं केलं.

कपॅसिटर हे काय प्रकरण आहे ते थोडक्यात सांगतो, कारण सगळा वाद तिथेच मिटतो. आपल्या नळाला पाणी ठरावीक वेळी येतं, पण गच्चीवर टाकी असल्यामुळे घरात ते सलग मिळतं. तसंच हे. भिंतीतली वीज सरळ केली तरी ती सेकंदाला शंभर ठोक्यांनी येते. हे मोठे कपॅसिटर ती साठवून सलग पुरवतात. त्यांच्या आत एका द्रवात भिजवलेला कागद असतो. उष्णतेने तो द्रव हळूहळू उडून जातो. टाकी लहान होत जाते, मग ते शंभर ठोके गाळले न जाता स्पीकरपर्यंत पोहोचतात. तोच तो 'घुंऽऽ'.

या कपॅसिटरवर त्याचं आयुष्य लिहिलेलं मिळतं. साध्या प्रतीचा असेल तर '८५ अंश सेल्सियसला २००० तास' असं काहीतरी. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट होतं. म्हणजे डब्याच्या आत ४५ अंश असतील तर २००० चे ३२,००० तास होतात. आता हे तास कसे खर्च करायचे ते तुमच्या हातात. दिवसाला दोन तास लावलं तर हिशेबाने चाळीसच्या वर वर्षं जातात (तितकी प्रत्यक्षात जात नाहीत, नुसतं पडूनही वय होतंच). दिवसरात्र चालू ठेवलं तर तीन वर्षं आठ महिने. आणि बंद शोकेसमध्ये, एप्रिलच्या पुण्यात, ४५ चे ५५ झाले की तेही अर्ध्यावर.

त्या रात्री घरी येऊन मी कागदावर गुणाकार केला. बाबांनी १९८४ पासून २०१५ पर्यंत, एकतीस वर्षं, सरासरी रोज दोन तास धरले तर २२,६३० तास तो वापरला. मी तीन वर्षांत २६,२८० तास. एकतीस वर्षांत बाबांनी त्याला जेवढं राबवलं नाही, त्याहून जास्त मी तीन वर्षांत राबवलं. आणि त्यातले ऐकण्याचे किती? नोकरी, प्रवास, मुलांच्या परीक्षा. आठवड्याला तीन-चार तास ऐकलं असेल तर खूप. बाकी सगळा वेळ तो शोकेसमध्ये बसून नुसता तापत होता. आणि मी समजत होतो की मी त्याची काळजी घेतोय.

जुने कपॅसिटर होते, आज ना उद्या गेलेच असते, असं काका म्हणाले. माझं समाधान करायला म्हणाले असतील. त्यांनी कपॅसिटर बदलले, आणि उष्णतेने काळा पडलेला सर्किट बोर्डचा एक भागही दुरुस्त केला. पण एका वाहिनीचे मूळ ट्रान्झिस्टर गेले होते, ते आता मिळत नाहीत. दुसरे घातले. वाजतो, छान वाजतो, पण बाबांचा होता तो हा नव्हे हे मला माहीत आहे.

आता कोलोससचं काय? फ्लॉवर्स चुकले नव्हते. मी चुकीच्या ठिकाणी त्यांचं ऐकलं. त्यांच्या यंत्राला दिवसरात्र काम होतं, आणि हजारोंपैकी एक व्हॉल्व गेला तरी सगळं अडायचं. माझ्या घरात दिवसरात्र काम कोणालाच नाही. शिवाय व्हॉल्व तासांवर झिजतो. घरगुती ॲम्प्लिफायरमधला शेवटचा, स्पीकरला ढकलणारा व्हॉल्व काही हजार तास चालतो. तीन हजार धरा. रोज दोन तासांनी ते चार वर्षं पुरतात, अहोरात्र चालू ठेवला तर १२५ दिवस. दिवाळीत घातलेला व्हॉल्व होळीपर्यंत संपला!

राहिला आवाजाचा मुद्दा. इथे मात्र मला स्वतःवर विश्वास नव्हता, म्हणून भाच्याला कामाला लावलं. आठ रविवार. तो एकतर शनिवारी सकाळपासून ॲम्प्लिफायर चालू ठेवायचा, नाहीतर मी बसायच्या अर्धा तास आधी लावायचा. कोणतं ते नाणं उडवून ठरवायचं आणि मला सांगायचं नाही. मी लांब बसून एकच रेकॉर्डिंग ऐकायचं आणि चिठ्ठीवर लिहायचं. आठपैकी चार बरोबर, चार चूक. म्हणजे मीही नाणंच उडवत होतो. पुढचे आठ रविवार 'आत्ता लावला' विरुद्ध 'अर्धा तास आधी लावला' असं केलं. त्यात आठपैकी सहा बरोबर आले. एका माणसाच्या आठ रविवारांना मी पुरावा म्हणणार नाही, पण वर सांगितलेल्या कारणाशी ते जुळतं. तापायला अर्धा तास लागतो. एकदा पंखे स्थिर तापमानाला आले की पुढचे दोन दिवस चालू ठेवून त्यात भर पडायला काही उरत नाही.

अर्धा तास. अंघोळ, पूजा आणि चहा.

विजेच्या बिलाचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण ऑडिओवाल्यांना बिलाबद्दल बोललेलं आवडत नाही. मी मीटर लावून पाहिलं. बाबांचा ॲम्प्लिफायर काही न वाजवता ३८ वॅट घेतो. अहोरात्र चालू म्हणजे महिन्याला २७ युनिट. रोज दोन तास म्हणजे सव्वादोन युनिट. माझ्या मित्राचा नवा ॲम्प्लिफायर 'क्लास ए' जातीचा आहे. असले ॲम्प्लिफायर गाणं असो नसो, पूर्ण करंट वाहता ठेवतात. तो दीडशे वॅट घेत असेल तर महिन्याला १०८ युनिट, म्हणजे महावितरणच्या बिलातला शंभर युनिटांचा सगळा स्वस्त टप्पा त्याने एकट्याने खाल्ला. आणि ती सगळी वीज खोली तापवण्यात जाते, जी उन्हाळ्यात पुन्हा वीज जाळून थंड करायची. वहिनींची नजर मला आता नीट समजली.

आणखी एक गोष्ट, जी परदेशी माहितीपुस्तकांत सापडणार नाही. २०२१ च्या जूनमध्ये आमच्या इमारतीच्या खाली बॉक्समधली न्यूट्रलची तार सुटली. आपल्याकडे इमारतीला तीन फेज येतात आणि घराघरांत वाटल्या जातात. न्यूट्रल शाबूत असेपर्यंत प्रत्येकाला २३० व्होल्ट मिळतात. तो तुटला की ज्याच्या फेजवर भार कमी त्याच्याकडे व्होल्टेज चढतं, पार चारशेच्या दिशेने. आमच्या ट्यूब एकदम पांढऱ्याफटक झाल्या. वरच्या मजल्यावरचा टीव्ही गेला, आमच्या फ्रिजचा बोर्ड गेला. बाबांचा ॲम्प्लिफायर वाचला. प्लग काढून ठेवलेला होता ना! वळवाच्या पावसातही तेच. वीज कडाडायला लागल्यावर धावत जाऊन बटण बंद करणाऱ्यापेक्षा ज्याचा प्लग आधीच बाहेर आहे तो सुखी.

मग 'कायम चालू'ला काहीच अर्थ नाही का? थोडा आहे, आणि तो हवेचा आहे. माझं आजोळ मालवणचं. तिथे पावसाळ्यात भिंतींना हात लावला तरी ओला होतो. मामा कॅमेरा आणि कॅसेटच्या कपाटात 'शून्याचा' दिवा जळत ठेवायचे (नाव शून्य, पण तो जुना दिवा दहा-पंधरा वॅट खायचा). दमट हवेत जोड गंजतात, स्विचमध्ये खरखर येते. तिथे यंत्र आठवड्यातून दोन-तीनदा तासभर लावावं, गाणं ऐकायचं नसलं तरी. वर्षानुवर्षं बंद ठेवणंही वाईटच, कपॅसिटरमधला पातळ थर तेवढ्यात कमकुवत होतो. व्हॉल्वचा ॲम्प्लिफायर असेल आणि जेवून तासाभरात परत बसायचं असेल, तर मध्ये बंद करू नका, फक्त तो चालू ठेवून घराबाहेर जाऊ नका. आणि हल्लीची 'क्लास डी' यंत्रं, ज्यांना स्टँडबायचं बटण असतं, त्यांचा प्रश्न वेगळा. युरोपीय संघाने २००८ मध्ये केलेल्या नियमानुसार २०१३ पासून साध्या स्टँडबायला अर्ध्या वॅटची मर्यादा आहे. अर्ध्या वॅटने अर्धं युनिटही महिन्याला धड जात नाही. ते राहू द्या स्टँडबायवर, गावाला जाताना तेवढा प्लग काढा.

बाकी सगळ्यांनी माझं ऐका आणि बंद करा.

हे लिहिताना एक लक्षात आलं. मैफलीच्या आधी तंबोरे बाहेर काढून ठेवतात, त्या खोलीच्या हवेला सरावू देतात, मग जुळवतात. आपण लवकर गेलो तर ते जुळवणंही ऐकायला मिळतं. भैरवी झाली की मात्र गवसण्या चढवतात. उद्याही गाणं आहे म्हणून रात्रभर कोणी ते छेडत बसत नाही. बाबा दुसरं काय करत होते? त्यांना कपॅसिटरचं गणित माहीत नव्हतं. ऐकायला बसायचं म्हणजे त्याची तयारी करायची आणि उठताना आवरून ठेवायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. मी बटण कायम चालू ठेवलं तेव्हा तयारी संपली, आणि तयारी संपल्यावर बसणंही कमी झालं. गाणं कधीही लावता येईल म्हटलं की ते कधीच लावलं जात नाही.

आता रविवारी मी अंघोळीला जाण्याआधी बटण दाबतो. दुपारी प्लग काढतो. शोकेसची काच काढून टाकली आहे. कव्हर कपाटातून बाहेर आलंय. आईचं परवा इकडे येणं झालं तेव्हा तिने ते पाहिलं, दोन ठिकाणी उसवलं होतं ते सुईदोरा मागून शिवून दिलं, आणि काही बोलली नाही.

मित्राला ही लिंक पाठवणार आहे. वहिनींना आधी पाठवतो.